जंगल कोणत्या गावचे?

मुलांच्या नाटकात सर्वांत शेवटी ठरते आणि पडदा उघडताच सर्वांत आधी दिसते, अशी वस्तू म्हणजे मागचा देखावा. गाणी चैत्रापासून बसविली जातात, संवाद पाठ होता होता आईबापांनाही पाठ होतात, मुकुटांच्या पुठ्ठ्यांवरून घरोघर वादंग माजतात. परंतु राजपुत्र ज्या अरण्यातून जाणार ते अरण्य कसले, हा प्रश्न प्रयोगाला तीन आठवडे उरले म्हणजे कोणाला तरी आठवतो. गेल्या मे महिन्यात तो आमच्या मंडळाच्या चिटणिसांना आठवला. आम्हांला ना सूर, ना ताल, ना अभिनय. तेव्हा 'पडद्याचे तुम्ही पाहा' म्हणून ते काम आमच्या गळ्यात पडले. आमच्या वाचकांपैकी इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद येथील कित्येकांच्या गळ्यात ते कधी ना कधी पडले असेल, किंवा पुढे पडेल. म्हणून ही हकीकत थोडी विस्ताराने सांगण्याचे योजिले आहे.

नाटक आमच्या येथील एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी लिहिलेले. पाऊस रुसून बसला आहे, विहिरी आटल्या आहेत, आणि दोघे भावंडे त्याची समजूत घालायला ढगांच्या गावी निघतात, एवढीच कथा. वाटेत जंगल, नदी, राक्षसाची गुहा आणि अखेर ढगांचा महाल. अकरा गाणी, बावीस मुले, सहा वर्षांच्या खारीपासून चौदा वर्षांच्या राक्षसापर्यंत. बडोद्याच्या मे महिन्यात पावसाच्या रुसण्याचा विषय मुलांना समजावून सांगावा लागत नाही, हा बाईंचा हिशेब अगदी बरोबर होता.

पहिल्या बैठकीत चार मते निघाली. चिटणिसांचे म्हणणे, आता पडदे कोण रंगवितो? एलईडीची भिंत भाड्याने आणावी. जंगल म्हटले की जंगल, समुद्र म्हटला की समुद्र, कळ दाबली की झाले. त्यांच्या ओळखीचा एक व्यावसायिक निम्म्या भाड्यात द्यायला तयार होता, मात्र मध्यंतरात त्याची जाहिरात त्याच भिंतीवर झळकायची होती. खजिनदारांनी निम्मे भाडेही आमच्या एकूण शिलकेपेक्षा जास्त आहे हे दाखवून दिले आणि फ्लेक्सवर छापील देखावा घ्यावा असे सुचविले. ललित कला शाखेतून नुकतीच पदवी घेऊन आलेली एक मुलगी म्हणाली, की देखावाच नको; काळे कापड लावा आणि बाकीचे मुलांच्या अंगांवर सोडा. चौथे मत कोणी मांडले नाही, ते कोपऱ्यात बसले होते. मंडळाचे जुने पेंटरकाका, वय ब्याऐंशी, वडिलांच्या हाताखाली नाटकांचे पडदे आणि पुढे आयुष्यभर सिनेमाच्या पाट्या रंगविलेले. त्यांना कोणी विचारले नाही आणि ते बोलले नाहीत.

चिटणिसांनी मोबाइलवर नमुन्याची चित्रे दाखविली. उंच, टोकदार, सुयांसारख्या पानांची झाडे. त्यांवर भुरभुरता बर्फ. दूर टेकडीवर निमुळत्या बुरुजांचा वाडा. चित्रे सुरेख होती यात शंका नाही. मुलांची तालीम नुकतीच संपली होती, तीही भोवती जमली. खारीचे काम करणारी सहा वर्षांची पोर बराच वेळ त्या बर्फाकडे पाहत राहिली आणि तिने विचारले, "आ कयुं जंगल छे?"

हे कोणते जंगल, असे तिने विचारले, आणि ते गुजरातीत विचारले. आमच्या मंडळींना त्यात काही खटकले नाही, कारण आमची मुले एकमेकांशी गुजरातीच बोलतात. आम्ही मात्र त्या रात्री नीट झोपलो नाही. घरी मराठी कानावर पडते, परंतु शाळा, अंगण, मित्र, भांडण आणि चेष्टा ही सारी दुसऱ्या भाषांत. 'अरण्य', 'डोह', 'मेघ', 'पारंबी' हे शब्द या मुलांना ह्या एका नाटकातून मिळायचे आहेत. पारंबी हा शब्द तोंडात आणि मागे बर्फातली सुचिपर्णी झाडे, असे झाले तर तो शब्द कशाला धरून बसणार?

असो. रात्री झोप न येण्याचा एक फायदा होतो, माणूस जुनी पुस्तके काढून बसतो.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीता स्वयंवर' केले तेव्हा मागे रंगविलेले अरण्य नव्हते. एक पडदा, त्यापुढे सूत्रधार, गणपती, मोरावर बसून येणारी सरस्वती. आणि राक्षस यायचा तो आरोळ्या ठोकीत, राळेचे भपके उडवीत. प्रेक्षकांना भीती वाटायची ती आवाजाची आणि जाळाची. रंगीत पडद्यांचा थाट पुढे पारशी कंपन्यांच्या अनुकरणाने आपल्याकडे आला आणि मग त्याने असे घर केले, की कंपनीची प्रतिष्ठा तिच्या पडद्यांवरून मोजली जाऊ लागली. कोल्हापूरची आनंदराव आणि बाबूराव पेंटर ही जोडी आधी नाटकांचे पडदे रंगवीत होती, मग त्यांना चलच्चित्राचे वेड लागले. ललितकलादर्शचे पडदे पु. श्री. काळे यांच्या हातचे. गंधर्व कंपनीने १९२० च्या 'द्रौपदी'त मयसभेच्या देखाव्यावर जो अतोनात खर्च केला, त्याची गोष्ट जुनी मंडळी अजून हळहळत सांगतात. आणि आमच्या बडोद्याचा मान घ्यायचा तर सयाजीराव महाराजांनी १८९० साली स्थापिलेल्या कलाभवनात दादासाहेब फाळके शिकले, हे आम्ही पाहुण्यांना आवर्जून सांगतो. त्याच फाळक्यांना १८९२ मध्ये अहमदाबादच्या प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले ते एका आदर्श नाट्यगृहाच्या प्रतिकृतीसाठी, हे मात्र थोड्यांना ठाऊक असते.

ह्या जुन्या कंपन्यांची एक युक्ती आमच्या फार उपयोगी पडली. दरबाराचा भव्य प्रवेश झाला, की पुढे रस्त्याचा पडदा पडे. त्याच्यापुढे, रंगमंचाच्या चार हात पट्टीत, दोन विनोदी पात्रे येऊन गप्पा मारीत, आणि तेवढ्या वेळात मागे माणसे घाम गाळून दरबाराचे अरण्य करून टाकीत. प्रेक्षक हसण्यात गुंग. ठोकाठोकीचा आवाज हशात बुडून जाई. लंडनमध्ये 'पीटर पॅन'च्या पहिल्या प्रयोगाला, १९०४ च्या डिसेंबरात, यंत्रसामग्री वेळेवर तयार न झाल्याने पाच दिवस उशीर झाला होता, आणि देखावे बदलायला सवड मिळावी म्हणून तेथेही पुढच्या पडद्यासमोर छोटे प्रवेश घातलेले होते. मुलांना उडविणाऱ्या त्या श्रीमंत नाटकाला जी अडचण आली तीच सांगली-बडोद्याच्या कंपन्यांना येत होती, आणि तोडही तीच निघाली. बाईंच्या नाटकात दोन बेडूक होते. ते पहिल्या आणि चौथ्या प्रवेशात विनाकारण बडबड करीत. आम्ही बाईंना विनवून त्यांची बडबड कापून घेतली आणि प्रत्येक देखाव्याच्या मधोमध वाटून टाकली. बेडकांचे काम त्यामुळे वाढले, त्यांच्या आया खूश झाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या कलाशाखेच्या मुलीला घेऊन आम्ही एका सभागृहात दुसऱ्या कोणाचा प्रयोग पाहायला गेलो, जेथे एलईडीची भिंत होती. त्या भिंतीचा दोष एवढाच, की ती स्वतः दिवा आहे. पुढे उभ्या मुलांच्या चेहऱ्यांवर कितीही प्रकाश टाकला तरी मागचा झगझगाट त्याहून वरचढ. पोरे काळ्या बाहुल्यांसारखी दिसत होती. मोठ्या व्यावसायिक नाटकांत प्रकाशयोजनाकार तिचे तेज मोजून मापून उतरवितात आणि तेथे ती शोभतेही. परंतु तिला तसा जाणता माणूस लागतो, नुसती कळ दाबणारा नव्हे. शिवाय त्या चित्रातली पाने हलत होती, ढग सरकत होते, पक्षी उडत होते, आणि सारे प्रेक्षागृह पक्ष्यांकडे पाहत होते. एका मुलीने बिचारीने फार गोड कडवे म्हटले. ते कोणी ऐकले असेल असे वाटत नाही.

फ्लेक्सचा नमुनाही मागवून पाहिला. त्याला चकाकी असते. समोरून दिवा पडला की मधोमध पांढरा डाग उमटतो. घडीच्या वळ्या जात नाहीत, आणि पंखा लागला की तो कापडासारखा झुलत नाही, खडखडतो. खजिनदारांना हे पटले, पण त्यांनी एक रास्त प्रश्न केला: मग रंगविणार कोण?

तेव्हा आम्ही पेंटरकाकांकडे गेलो. रावपुऱ्यातील एका जुन्या वाड्याच्या दुसऱ्या मजल्यावर ते राहतात. मंडळाचे तीन जुने पडदे होते: महाल, रस्ता आणि जंगल. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला, मगरी वस्तीत शिरल्या, ते सर्वांच्या स्मरणात आहे. त्या पाण्यात आमच्या तळमजल्यावरच्या खोलीतील महाल आणि रस्ता हे दोन्ही पडदे गेले. सरसातले रंग ते. पाणी लागताच विरघळतात. कापड राहिले आणि महाल वाहून गेला, असे काकांनी आम्हांला तेव्हा सांगितले होते. तिसरा, जंगलाचा, दुरुस्तीसाठी म्हणून योगायोगाने त्यांच्या घरी होता, म्हणून वाचला.

आम्ही मोठ्या भक्तिभावाने तो उलगडायला लावला. वडिलांच्या हातचा, पिढ्यापिढ्यांचा, आपल्या मातीतला वगैरे मनात वाक्ये तयार होती. पडदा उलगडला. त्यात एक कारंजे होते, संगमरवरी पायऱ्या होत्या, तळ्यात राजहंस होते, आणि झाडे, काय सांगावे, अशी झाडे गुजरातेत काय, सह्याद्रीतही कोणी पाहिली नसतील. आमचा चेहरा पाहून काका खो खो हसले.

"अहो, विलायती कॅलेंडरावरून उचललंय हे बाबांनी. कंपनीवाल्यांना तसंच लागायचं. बाभूळ दाखवली असती तर म्हणाले असते, ही तर आमच्या दाराशी आहे, हिला पैसे कशाला द्यायचे?"

म्हणजे मोबाइलवरचे बर्फाचे जंगल काही आजच्या पिढीचे पाप नव्हते. आमच्या आजोबांनीही ते टाळ्या वाजवून पाहिले होते. आमची तयार वाक्ये आम्ही गिळली. शिवाय त्या पडद्याचा रंग पापुद्र्यांनी सुटत होता, गुंडाळताना मूठभर भुगा खाली पडला. तो पुन्हा टांगण्याजोगा नव्हता.

कलाशाखेच्या मुलीने तेव्हा विचारले, "काका, नवं जंगल काढायचं तर तुम्ही कोणतं काढाल?"

काका खिडकीशी गेले. म्हणाले, "या शहराचं नावच वडावरून पडलंय पोरी. आणखी कोणतं काढू?"

सयाजीबागेत जाऊन त्या दोघांनी दोन सकाळी चित्रे काढली. काकांचा हात थरथरतो. रेघ तिने ओढायची आणि काकांनी 'इथं जाड, इथं सोड' असे म्हणायचे, अशी विभागणी आपोआपच झाली. पारंब्या, त्यांमधून दिसणारी नदी, पलीकडे उघडे माळ आणि क्षितिजावर पावागडाची ती पायरीपायरीची ओळखू येणारी आकृती. नदीत मगर हवी असा मुलांचा एकमुखी आग्रह होता. 'पीटर पॅन'मध्येही मगर आहेच, परंतु आमच्या मुलांना त्यासाठी लंडनला जाण्याची गरज नव्हती.

रंगविण्याचा तपशील ज्यांना नको असेल त्यांनी हा भाग वगळावा. ज्यांच्या गळ्यात काम पडले आहे त्यांनी कात्रण काढून ठेवावे. मांजरपाटाचे चोवीस फुटी पाच पट्टे आडवे जोडून पडदा शिवला. शिवण आडवीच हवी, उभी शिवण टांगल्यावर चुण्या धरते. मग अस्तर: सरस भिजवून, मंद आचेवर पातळ करून, त्यात खडूची पूड. ती खळ सुकली की कापड नगाऱ्यासारखे ताठ होते. चित्र आधी चोवीस इंच रुंद, चौदा इंच उंच काढलेले. त्यावर इंचाइंचाच्या चौकटी, आणि पडद्यावर गेरूत बुडविलेल्या दोरीने सूत मारून फुटाफुटाच्या. रंग पिवडी, हिरमंजी, नीळ, काजळी आणि सफेदा, एवढ्यांतून सारे जंगल निघाले. पाने एकेक काढायची नाहीत. गडद, मध्यम आणि उजळ असे तीन डबे करून झुपक्यांनी ठोकायची. दर अर्ध्या तासाने काका तिला हॉलच्या दुसऱ्या टोकाला पिटाळीत आणि म्हणत, "डोळे बारीक करून बघ. पान दिसलं तर चुकलं. सावली दिसली तर बरोबर."

तिलाही काही सांगायचे होते आणि काकांनी ते ऐकले, हे येथे नमूद केले पाहिजे. काकांच्या सवयीप्रमाणे पडद्यावर रंग चढे ते भडक. जुन्या काळी दिवे मंद होते, भडक रंगच प्रेक्षकांपर्यंत पोहोचत. आजच्या दिव्यांत तेच रंग अंगावर येतात. तिने पोपटाचा हिरवा पोशाख मागवून पडद्यासमोर टांगला, आणि पोपट नाहीसा झाला! तेवढ्यावर काकांनी सगळ्या हिरव्यावर काजळीचा आणि पिवडीचा पातळ हात फिरवायला परवानगी दिली. देखावा पात्रांपेक्षा नेहमी दोन पायऱ्या फिका असावा. दुसरी गोष्ट उंचीची. रंगविलेला वाडा किंवा खांब मागे असला आणि मूल त्याच्याजवळ गेले, की खांब त्याच्या खांद्याला लागतो, मूल राक्षस होते. म्हणून पडद्यापासून पाच फुटांवर जमिनीवर खडूची रेघ मारली आणि तिच्या मागे जायचे नाही असा मुलांना दंडक घातला. सावल्याही त्यामुळे पडद्यावर पडेनाशा झाल्या.

एका बाबतीत आम्ही हट्ट धरला आणि त्यावरून पहिल्याने रुसवेफुगवे झाले. कापड अस्तर देण्याआधी अग्निरोधक पाण्यात बुडवून सुकवायचे. दोन दिवस जाणार होते आणि ते कोणालाच परवडत नव्हते. तेव्हा आम्ही मंडळींना शिकागोची गोष्ट सांगितली. ३० डिसेंबर १९०३, नाताळच्या सुटीतला दुपारचा खेळ, 'मिस्टर ब्लूबिअर्ड' नावाचे मुलांचे संगीत नाटक, आणि इरोक्वॉय हे नवे कोरे नाट्यगृह, सव्वा महिन्यापूर्वी उघडलेले, 'संपूर्ण अग्निरोधक' म्हणून जाहिरात केलेले. गाणे चालू असता एका दिव्याची ठिणगी कापडाला लागली. वर टांगलेल्या रंगीत पडद्यांनी पेट घेतला, जळते तुकडे खाली पडू लागले, संरक्षक पडदा अर्ध्यावर अडकला, दारे उघडेनात. सहाशेहून अधिक माणसे गेली, त्यांत बायका आणि मुले फार. गोष्ट संपली तेव्हा चिटणीस स्वतः उठून टाकणखार आणायला गेले. दहा लिटर कोमट पाण्यात सातशे ग्रॅम टाकणखार आणि तीनशे ग्रॅम बोरिक पावडर, हे जुने प्रमाण आहे. सुकल्यावर एक पट्टी अंगणात नेऊन तिला काडी लावली. ती काळी पडली, पेटली नाही. न भिजविलेली पट्टी शेजारी धरली ती बोटे पोळेपर्यंत जळाली. मुलांनी दोन्ही पाहिल्या. हे पाणी धुतले की जाते, हे ध्यानात ठेवावे. आणि दारे उघडी आहेत की नाहीत ते प्रयोगाच्या दिवशी कोणा एकाने, ज्याला दुसरे काही काम नाही अशाने, पाहत राहावे. आमच्या येथे ते काम खजिनदारांनी केले.

बाकीच्या देखाव्यांना एवढा व्याप पडला नाही. राक्षसाच्या गुहेला त्या मुलीचे काळे कापडच लावले. मॉरिस मेटरलिंकचे 'द ब्लू बर्ड' बसविताना स्टॅनिस्लाव्हस्कीच्या मंडळींनी मॉस्कोत पुष्कळ प्रयोग केले, तेव्हा काळ्या मखमलीवर काळी मखमल दिसत नाही हा गुण त्यांच्या हाती लागला. ते नाटक १९०८ साली रंगभूमीवर आले. आमची मखमल नव्हती, स्वस्तातले काळे सुती कापड होते. पण काळे हातमोजे घातलेल्या दोन मुलींनी राक्षसाचे ताट, पेला आणि अखेर त्याची टोपी हवेतल्या हवेत फिरविली, तेव्हा सभागृहात जी किंचाळी उठली ती ऐकून काका म्हणाले, "ही युक्ती बाबांना माहीत असती तर त्यांनी निम्मे पडदे रंगवलेच नसते."

नदीसाठी एका आजींनी आपली निळी नऊवारी दिली. दोन्ही टोकांना दोन मुले बसून ती हलवीत, आणि खार व भावंडे तिच्यातून डोके वर काढून पोहत. इतक्या लांबीच्या वस्त्राला लाट फार छान येते. साडी आजींच्या लग्नातली होती. ती देताना त्या म्हणाल्या, "फाटली तर फाटू दे, पण इस्त्री करून परत आणा." त्या वाक्यातली विसंगती कोणी त्यांच्या लक्षात आणून दिली नाही.

ढगांचा महाल मात्र जमेना. काकांनी महाल रंगवायची तयारी दाखविली, पण त्यांच्यात तेवढी ताकद उरली नव्हती हे सर्वांना दिसत होते आणि कोणी बोलत नव्हते. शेवटी मच्छरदाणीच्या कापडाचे थान आणले. पांढऱ्या जाळीवर पुढून तिरपा प्रकाश टाकला, की ती भिंतीसारखी घट्ट दिसते. पुढचा दिवा मावळवून मागचा लावला, की जाळी नाहीशी होते आणि मागचे सारे दिसू लागते. जाळीवर राखी रंगाचे दोन-चार ढग काकांनी बसल्या बसल्या काढले. मागे पावसाचा राजा पाठमोरा बसलेला. भावंडांचे गाणे जसजसे चढत जाते तसतसा तो धुक्यातून उमटत येतो. ह्या एका प्रवेशाला सर्वांत कमी पैसे लागले.

१९५९ साली सुधा करमरकरांनी 'मधुमंजिरी' रंगभूमीवर आणून मराठी बालनाट्याला नवे वळण दिले, तेव्हापासून मुलांच्या नाटकाला किती सजवावे हा वाद चालत आला आहे. एक पक्ष म्हणतो मुलांना झगमगाट हवा, दुसरा म्हणतो मुलांची कल्पना पुरेशी आहे. आम्हांला एवढेच दिसले, की ज्या वस्तूला मुलांचा हात लागला होता ती त्यांना पुरी पडली. पडद्याच्या खालच्या कडेचे गवत मुलांनीच ठोकले होते. प्रयोगाआधी प्रत्येक जण आपल्या आजीला आपले गवत दाखवून आणीत होता आणि त्यात 'पारंबी', 'डोह', 'झुडूप' असे शब्द सर्रास येत होते. फार दिवस राहतील की नाही, कोण जाणे.

जुन्या पडद्याचे काय करायचे हा प्रश्न शिल्लक होता. आमच्या मनात तो तसाच गुंडाळून ठेवावा असे होते. काकांनी कात्री मागितली. थरथरत्या हातांनी, पण मुळीच न अडखळता, त्यांनी कारंजे आणि पायऱ्या कापून टाकल्या. दोन्ही बाजूंच्या झाडांच्या पट्ट्यांवरचा सुटता रंग कुंचल्याने झाडून, वर गडद हात देऊन, त्यांच्या दोन विंगा केल्या. "मागच्याला वड, बाजूला विलायती. कोण बघतंय?" असे ते म्हणाले. राजहंसांचा तुकडा खारीने मागून घेतला.

प्रयोग झाला. दुसऱ्या प्रवेशात विंगेतला एक बांबू कलला तो बेडकांनी बोलता बोलता धरून ठेवला. टाळ्या भरपूर पडल्या. परंतु काकांना आम्ही पहिल्या रांगेत बसविले होते ते मध्येच उठून पार शेवटच्या रांगेच्या मागे जाऊन उभे राहिले, आणि डोळे बारीक करून जंगल पाहत राहिले.

खेळ संपल्यावर खार धावत आली. तिची एक तक्रार होती. पावागड ज्या बाजूला आहे त्या बाजूला नदी नाही, आणि मगर उजवीकडे पाहिजे होती, ती डावीकडे आली. हे सारे तिने मराठीत सांगितले, फक्त 'डावीकडे'ला 'डाबी बाजू' म्हणाली. काकांनी ऐकून घेतले आणि पुढच्या वर्षी मगर हलवू, असे तिला कबूल केले.

पडदा आता जाड बांबूवर गुंडाळला आहे. घडी घातलेली नाही. आत कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि डांबराच्या गोळ्या घातल्या आहेत, वर जुनी चादर शिवली आहे. ठेवायचा कोठे यावर बैठकीत पुन्हा तासभर गेला, कारण मंडळाची खोली तळमजल्यावरच आहे आणि नदी जेथे होती तेथेच आहे. अखेर तो काकांच्या वाड्यात दुसऱ्या मजल्यावर, त्यांच्या पलंगाच्या वर, तुळयांना दोन दोरांनी टांगला आहे. नऊवारी इस्त्री करून परत केली.